शून्य टक्क्यांचा उन्हाळा

सोनमोहराची पिवळी फुलं दुचाक्यांच्या सीटवर पडायला लागली की आमच्या विभागात चोरीचा हंगाम सुरू होतो. परिपत्रकात आम्ही त्याला लघुप्रबंध सादर करण्याचा कालावधी म्हणतो. यंदाही फुलं पडली. सकाळी कोथरूडहून निघताना मी सीट झटकली, विभागाच्या आवारात गाडी लावली आणि तास घेऊन परत आले तर सीट पुन्हा पिवळी. व्हरांड्यात समाजशास्त्राच्या एम.ए.ची मुलं काळ्या रेक्झिनचे जाडजूड ग्रंथ छातीशी धरून उभी होती, प्रसूतिगृहाबाहेर नवे बाप उभे असतात तशी. यातल्या बऱ्याच जणांनी आपल्या बाळाचं तोंड अजून पाहिलेलं नव्हतं.

या हंगामाला स्वतःचा वास आहे. प्रिंटरमधून नुकत्याच निघालेल्या कोमट कागदाचा, बांधणीच्या डिंकाचा, रेक्झिनचा, आणि ग्रंथालयाच्या कूलरमध्ये कुणीतरी भाबडेपणाने टाकलेल्या वाळ्याचा. आमच्या फाटकासमोरच्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानांची रांग आहे आणि मधोमध उसाच्या रसाचं गुऱ्हाळ. चरकाची घुंगरं वाजत असतात आणि शेजारी स्पायरलची भोकं पाडली जात असतात. पूर्वी या दुकानांवर टंकलेखन, झेरॉक्स, बांधणी एवढंच लिहिलेलं असे. अलीकडे त्यात एका ओळीची भर पडली आहे: टक्के कमी करून मिळतील. परगावच्या माणसाला वाटावं, सावकाराचं दुकान असेल.

हे टक्के समानतेचे. विभागाने काही वर्षांपूर्वी एक संगणकप्रणाली घेतली. मुलाचा प्रबंध तिच्यात घालायचा. ती तो इतर मजकुराशी ताडून पाहते, जुळणारी वाक्यं लाल करते आणि शेवटी एक आकडा सांगते. दहा टक्क्यांच्या आत असाल तर तुम्ही संशोधक, वर गेलात तर चोर. मराठीच्या बाबतीत ही प्रणाली अर्धी आंधळी आहे. जुन्या छापील पुस्तकातलं, जे इंटरनेटवर नाही, ते तिला दिसत नाही. आमच्या विभागाचे आधीचे लघुप्रबंध मात्र तिच्यात भरलेले आहेत, तेवढे तिला दिसतात. म्हणून हुशार मुलं ग्रंथालयातून चोरतात आणि आळशी मुलं मागच्या वर्षीच्या मुलांकडून. गल्लीतली दुकानं या दुसऱ्या गटाच्या सेवेसाठी आहेत.

दरवर्षी या दिवसांत मला एकच उन्हाळा आठवतो. प्रणाली नवीकोरी होती आणि आमचे विभागप्रमुख तिच्याकडे नव्या सुनेकडे पाहावं तसं कौतुकाने पाहत होते. त्यांचा लाडका विद्यार्थी ओजस. खडकवासल्याचं पाणी आणि शहराची तहान असा विषय घेऊन त्याने प्रबंध केला होता. एक दिवस तो माझ्या खोलीत डोकावला, कारण मी त्याची दुसरी परीक्षक होते.

"मॅम, टेन्शन नको. नाइनवर आणलंय."

"काय आणलंयस?"

"परसेंटेज. आधी फॉर्टीच्या वर होतं."

"आणि आत काय लिहिलं आहेस?"

एखाद्याला त्याच्या घराचा रंग विचारावा आणि त्याला आठवू नये, तसं काहीसं त्याचं झालं. "आत... डिटेलमध्ये आहे सगळं, मॅम."

सगळं खरंच डिटेलमध्ये होतं. दुकानदाराने वाक्यांना हात लावला नव्हता, फक्त शब्द बदलले होते. धरणाचा बांध झाला होता. पाणीटंचाईचं जलदारिद्र्य झालं होतं. सोसायट्यांत धुणीभांडी करणाऱ्या बायका पानोपानी गृहपरिचारिका होऊन वावरत होत्या आणि पहाटे नळ येण्याची वाट पाहण्याऐवजी उषःकाली तोटीची प्रतीक्षा करत होत्या. टँकरला काय म्हणावं हे त्या भल्या माणसाला सुचलं नसावं. तो बिचारा टँकरच राहिला होता. मी ओजसला विचारलं, तू खडकवासल्याला गेला होतास का? तो म्हणाला, हो मॅम, कणीस खायला. त्याच्या संपूर्ण प्रबंधाच्या काळात त्याने माझ्यासमोर बोललेलं ते एकमेव अस्सल वाक्य असावं. त्याला उत्तम श्रेणी मिळाली.

त्याच उन्हाळ्यात आमच्याकडे शपथ झाली. कुठल्याही दुखण्यावर पुण्यात आधी एक कार्यक्रम होतो, मग चहा. सभागृहात फ्लेक्स लागला, त्यावर दिव्याचं चित्र. प्रमुखसरांनी वाङ्मयचौर्य या पापावर तासभर भाषण केलं आणि मग मुलांना उभं केलं. हात पुढे. सर एक वाक्य म्हणत आणि शंभरेक तरुण तोंडं तेच वाक्य त्याच चालीत परत म्हणत. मी दुसऱ्याचे शब्द माझे म्हणून वापरणार नाही. मी दुसऱ्याचे शब्द माझे म्हणून वापरणार नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर वाणिज्य शाखेचे एक सहकारी गंभीर चेहऱ्याने बसले होते. मला हसू आवरेना तेव्हा त्यांनी मला पाणी हवंय का विचारलं.

या मुलांचा मला राग येतो, पण फार वेळ येत नाही. बालवाडीत गिरवण्यापासून यांची सुरुवात झाली, ती ठीक. पुढे निबंध पाठ करायला लावला आणि जो जसाच्या तसा उतरवेल त्याला शाबासकी दिली. अकरावीत प्रयोगाची वही शेजाऱ्याची पाहून पूर्ण केली, आणि ज्या सरांनी सही केली त्यांना ते ठाऊक होतं. सुवाच्य अक्षर, आकृतीला पेन्सिल, समासाची तांबडी रेघ. नक्कल जितकी नेटकी तितके गुण जास्त. मग बाविसाव्या वर्षी अचानक त्यांना सभागृहात उभं करून सांगायचं की बाळांनो, आता तुमचं स्वतःचं काहीतरी लिहा. ती गोंधळतात. त्यांना वाटतं, हीसुद्धा एक नवी प्रकारची नक्कलच असणार, कुठे मिळते तेवढं शोधायला हवं. आणि गल्लीत ती मिळते.

त्यातून खरी गोष्ट त्यांना आमच्याही आधी कळलेली असते. त्यांचं लिहिलेलं कुणी वाचत नाही. परीक्षक ग्रंथ हातात घेतो, त्याचं वजन अजमावतो, मुखपृष्ठावरची सोनेरी अक्षरं बोटाने चाचपतो, अनुक्रमणिका पाहतो, मधलं एखादं पान उघडून त्यावरच्या तक्त्याविषयी प्रश्न विचारतो आणि साबुदाणा वड्याची प्लेट जवळ ओढतो. जे कुणी वाचणारच नाही ते खपून लिहायचं कशाला, हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. विचारला असता तर माझी पंचाईत झाली असती.

प्रज्ञाने मात्र लिहिलं होतं. भंडाऱ्याची मुलगी, वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, अंगाने बारीक आणि नजरेला ठाम. शनिवार पेठेत ती कॉट बेसिसवर राहत होती. म्हणजे खोली तुमची नाही, घर तुमचं नाही, भाडं एका लोखंडी खाटेचं. बाकी जागेत तुम्ही इतर तिघींच्या आणि मालकीणबाईंच्या मर्जीने वावरायचं. परगावाहून शिकायला आलेल्या निम्म्या मुली पुण्यात अशाच राहतात. प्रज्ञाने त्यांच्यावरच लघुप्रबंध करायचं ठरवलं आणि मी तिची मार्गदर्शक होते. दिवाळीपासून ती संध्याकाळी एकेका खोलीत जाऊन मुलींशी बोलत होती. दर प्रकरण हाताने लिहून आणायची. आम्ही दोघी माझ्या खोलीत बसून ते मोठ्याने वाचायचो. मी अडले की ती खोडायची, ती अडली की मी गप्प बसायचे. त्या हिवाळ्यातल्या दुपारी मी नोकरीत खऱ्या अर्थाने खूश होते.

बंगळूरच्या एका संस्थेत तिला पुढच्या संशोधनासाठी जागा मिळाली होती. पदवी वेळेत हातात पडली तर जागा तिची. प्रबंध अडकला तर जागा गेली, आणि चोरीचा शिक्का बसला तर अशी जागा पुन्हा कुठेच मिळणार नव्हती. भंडाऱ्याहून तिचे बाबा फोन करायचे तेव्हा पदवीचं विचारायचे नाहीत, ऊन किती आहे ते विचारायचे. ती मला हे हसत सांगायची.

तिचा प्रबंध प्रणालीत गेला आणि आकडा आला शून्य. मी आनंदाने पेढे आणायच्या बेतात होते. दुसऱ्याच दिवशी शैक्षणिक सचोटी समितीचं बोलावणं आलं.

समितीत तिघं होते. विभागप्रमुख, मराठी विभागाच्या एक मॅडम, आणि ते वाणिज्याचे सहकारी, ज्यांना समिती कशाची आहे हे शेवटपर्यंत नीटसं उमगलं नाही. पंखा पूर्ण वेगात होता, त्यामुळे सगळ्यांनी आपापल्या कागदांवर हात ठेवले होते. मार्गदर्शक म्हणून मला कोपऱ्यातली खुर्ची मिळाली. माझा शब्द धरता येणार नाही, हितसंबंध येतात, असं मला आधीच सांगण्यात आलं होतं. प्रबंध वाचलेली खोलीत मी एकटीच होते, हा तो हितसंबंध.

"शून्य टक्के," प्रमुखसर म्हणाले. "हे कसं शक्य आहे?"

"तिने स्वतः लिहिलंय म्हणून," मी म्हणाले.

"अहो, लिहितात सगळेच."

"नाही लिहीत."

त्यांनी माझ्याकडे दुर्लक्ष केलं. "प्रणाली आल्यापासून विभागात कुणाचंही शून्य आलेलं नाही. आपल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांचंही नाही. याचा अर्थ बाहेरून, अत्यंत सराईत माणसाकडून हे काम करून घेतलेलं आहे."

मराठीच्या मॅडमनी चष्मा सारखा केला. त्यांच्या आवाजात साखर असते. "तू मूळची कुठची गं?"

"भंडाऱ्याची, मॅडम."

"हो, बोलण्यावरून कळतंच. म्हणून तर विचारते. बोलतेस तिकडचं, आणि हे..." त्यांनी पान वर धरलं, "इतकं नितळ मराठी? हे कुणी लिहून दिलं?"

"मीच लिहून राहिली होती ना, मॅडम. दिवाळीपासून."

"घरी वाचनाचं वातावरण आहे का?" घरी वीज आली आहे का, या चालीवर हा प्रश्न विचारला गेला.

प्रज्ञाने सरळ उत्तर दिलं. तिला त्यातला वाकडेपणा कळला नाही असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, कळला होता. "आमच्याकडे रविवारी विहारात वाचन राहते. मी सातवीत होती तेव्हापासून वाचायची. बाया बसत ऐकायला. समजलं नाही की थांबवत. म्हणत, पोरी, हे सरळ सांग. मग मी सरळ सांगायची."

विहार हा शब्द आल्यावर टेबलाच्या त्या बाजूला जी शांतता पसरली ती माझ्या ओळखीची आहे. पुण्यात ती फार सभ्य असते. कुणी काही वावगं बोलत नाही. "अच्छा, अच्छा," असं दोनदा म्हटलं जातं, कुणीतरी पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवतं आणि त्या माणसाविषयी जे ठरायचं ते ठरून जातं. मला त्या क्षणी त्या तिघांची इतकी किळस आली की मी खिडकीबाहेर बघत राहिले.

शेवटी मीच म्हटलं, तिला इथे बसवून लिहायला सांगा. वाणिज्याच्या सहकाऱ्यांना ही कल्पना आवडली, कारण त्यामुळे चहा मागवता येणार होता. प्रज्ञाला कोरा कागद दिला. विषय तिचाच, कॉट बेसिस. ती खाली मान घालून लिहीत होती आणि तीन पदवीधर चहाचे घोट घेत तिच्या पेनाकडे पाहत होते, कागदातून धूर निघेल या अपेक्षेने. तिने लिहिलं ते मला अजून तोंडपाठ आहे.

"एका खोलीत चार कॉट असतात. खिडकीजवळची कॉट सर्वांत जुन्या मुलीला मिळते. नवी मुलगी दाराजवळ झोपते. रात्री जिला उठायचं असतं तिचा पाय दाराजवळच्या कॉटला लागतो. म्हणून नवी मुलगी पहिले काही महिने पाय पोटाशी घेऊन झोपते. पुढे खिडकीजवळची जागा मिळाली तरी तिची ती सवय जात नाही."

मॅडमनी वाचलं. सरांनी वाचलं, निदान कागदावर नजर फिरवली. वाणिज्याचे सहकारी म्हणाले, "छान आहे की." मग सरांनी कागद टेबलावर पालथा ठेवला.

"पाठ केलेलं असू शकतं," ते म्हणाले. निर्णय राखून ठेवण्यात आला.

त्या संध्याकाळी गुऱ्हाळासमोर प्रज्ञा आणि मी रसाचे ग्लास घेऊन उभ्या होतो. समोरच्या दुकानात एक मुलगा आपल्या प्रबंधाचं नाव मुखपृष्ठावर बरोबर आलंय का ते मोबाइलमध्ये पाहून पडताळत होता. प्रज्ञा त्याच्याकडे बघत म्हणाली, "मॅडम, शून्य नाही आलं पाहिजे होतं का?" तिचा रस तसाच राहिला, वर फेस विरून गेला.

तिचा प्रश्न बरोबर होता. कुणाचंच शून्य का येत नाही? विभागात ओजससारखे होते तसे दोन-चार प्रामाणिक मुलगेमुलीही होते. मी कार्यालयात बसून त्या वर्षीचे सगळे अहवाल काढून पाहिले. चोरांचे अहवाल जागोजागी लाल होते. प्रामाणिक मुलांचे अहवाल शेवटपर्यंत स्वच्छ होते, फक्त पहिलं पान वरपासून खालपर्यंत लालभडक. प्रत्येकाचं तेच पान. ते पान ऋणनिर्देशाचं होतं.

आमच्या विभागात आभार मानण्याची एक रीत आहे. ऋणनिर्देशाचा मजकूर ठरलेला असतो. गल्लीतल्या टंकलेखकांकडे तो तयारच असतो. मुलाने विभागाचं नाव सांगितलं की ते पान आपोआप सुरुवातीला लागतं. 'आदरणीय विभागप्रमुख सरांनी माझ्या लेखनातील प्रत्येक वाक्य माझ्यासमवेत बसून वाचले. त्यांच्या ज्ञानसागरातील ओंजळभर पाणी मला लाभले, हे माझे भाग्य. मी त्यांच्या शतशः ऋणात आहे.' नाव कुणाचंच नाही, त्यामुळे प्रमुख बदलले तरी मजकूर बदलावा लागत नाही. मुलं तो वाचत नाहीत. सर मात्र वाचतात. प्रबंधातलं तेवढं एकच पान ते वाचतात, दरवर्षी, प्रत्येक प्रतीत, आणि दरवर्षी त्यांच्या चेहऱ्यावर तेच नवथर समाधान येतं. दोन टक्के त्या पानाचे होते. ते आमच्याकडे प्रत्येकाला जन्मतःच मिळत.

प्रज्ञाच्या प्रबंधात ते पान नव्हतं. तिने तीन ओळी लिहिल्या होत्या. 'ज्या मुलींनी मला आपल्या कॉटवर बसू दिलं त्यांचे आभार. त्यांची नावं देत नाही, कारण मालकीणबाईंच्या हाती पडलं तर त्यांना कॉट सोडावी लागेल. मॅडमनी प्रत्येक प्रकरण वाचलं.' संपलं.

दुसऱ्या दिवशी जिन्यात प्रमुखसरांनी मला गाठलं. आवाज खाली, चेहरा वडीलधारा. "अहो मॅडम, मुलीला जरा रीत शिकवा. तिचा ऋणनिर्देश पाहिलात? खाटेचे आभार मानलेत, मालकिणीची चेष्टा केलीय. विभागाचा साधा उल्लेख नाही."

"सर, आरोप चोरीचा आहे ना?"

"ते बघू हो. आधी ऋणनिर्देश रीतसर टाकून आणू दे. सगळे टाकतात तो. मग पुन्हा तपासणीला घालू."

मी जिन्यात उभी राहिले. ज्या मुलीने कुणाचं काही उतरवलं नाही तिच्यावर चोरीचा आळ होता, आणि तो धुऊन काढायचा तर तिने आधी एक पान उतरवायला हवं होतं. इतकी वर्षं मी या लोकांना मूर्ख समजत आले होते. मूर्खपणाला इतकी शिस्त नसते.

हे प्रज्ञाला मला सांगावं लागलं. माझ्या नोकरीतलं ते सर्वांत लाजिरवाणं काम होतं. ती ऐकून घेत होती. बंगळूरचा विषय दोघींपैकी कुणी काढला नाही, पण तो खोलीत होता.

"म्हणजे कॉपी नाही केली म्हणून कॉपीची केस?"

"हो."

"आणि आता केली की सुटली मी?"

"हो."

मग ती म्हणाली, "टाकते मी. पण मूळचं कोणाचं आहे ते पाहू द्या, मॅडम. तुम्हीच शिकवलं ना, दुसऱ्याची ओळ घेतली तर त्याचं नाव द्यायचं."

ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात विभागाचे सगळे जुने लघुप्रबंध आहेत. आम्ही दोघी फरशीवर बसून अलीकडच्या वर्षांपासून मागे मागे जात राहिलो. रेक्झिनची धूळ हाताला लागत होती, आधी छापील पानं, मग प्रिंटरची ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, मग टाइपरायटर. प्रत्येकात तेच पान. आमच्या प्रमुखसरांचा स्वतःचा लघुप्रबंध मध्येच सापडला; त्यांनीही ज्ञानसागरातलं ओंजळभर पाणी घेतलं होतं. सर्वांत तळाशी कुणी एका सुनंदाचा प्रबंध होता. त्याच्या आधीच्या कशातही तो मजकूर नव्हता. तिच्या प्रबंधाच्या समासांत शिसपेन्सिलीने बारीक अक्षरांत कुणीतरी खुणा केल्या होत्या, पानोपानी, शेवटच्या परिशिष्टापर्यंत. 'हे पुन्हा विचारा.' 'ही बाई नेमकं काय म्हणाली?' तिच्या वेळच्या विभागप्रमुखांनी खरोखरच प्रत्येक वाक्य तिच्याबरोबर बसून वाचलं होतं.

प्रज्ञाने ऋणनिर्देशाचं ते पान पुन्हा उघडलं. "हिने मनापासून लिहिलं आहे, मॅडम," ती म्हणाली. "हिचं नाव तर द्यावंच लागते."

नवी प्रत तयार झाली. पहिल्या पानावर ऋणनिर्देश होता, अक्षरन् अक्षर तोच, पण अवतरणचिन्हांत. शेवटी एक बारीक आकडा, आणि पानाच्या तळाशी टीप: 'सुनंदा यांच्या लघुप्रबंधातील ऋणनिर्देश, जसाच्या तसा. यानंतर या विभागात सादर झालेल्या बहुतेक लघुप्रबंधांत, विद्यमान विभागप्रमुखांच्या लघुप्रबंधासह, हाच मजकूर मूळ लेखिकेचे नाव न देता आढळतो.' तिच्या स्वतःच्या तीन ओळी तिने पुढच्या पानावर तशाच ठेवल्या होत्या.

मी तिला म्हणाले, टीप काढ. बंगळूर हातचं जाईल. ती म्हणाली, "मॅडम, टीप काढली तर ती चोरी होते." पाच वर्षांच्या मुलीला दोन अधिक दोन सांगावेत इतक्या साधेपणाने म्हणाली.

सरांच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या होतो. त्यांनी प्रत हातात घेतली, वजन अजमावलं, सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पहिलं पान उघडलं. ते बोट ठेवून वाचतात. बोट ज्ञानसागरापाशी आलं, ओंजळीपाशी आलं. अजून चार ओळी खाली बोट उतरलं असतं तर या मुलीचं पुढचं सगळं आयुष्य त्या टेबलावर संपलं असतं. बोट 'शतशः' या शब्दावर थांबलं. चेहऱ्यावर ते समाधान पसरलं. त्यांनी पान उलटलं, तीन ओळींकडे पाहिलंही नाही, आणि समानतेचा नवा अहवाल घेतला.

"दोन टक्के," ते म्हणाले. "हं. आता कसं विद्यार्थ्याचं काम वाटतं." आणि त्यांनी सही केली.

हल्ली मी प्रणालीच्या अहवालाकडे पाहत नाही. मुलांना समोर बसवते आणि त्यांचा प्रबंध त्यांनाच मोठ्याने वाचायला लावते. दुसऱ्या-तिसऱ्या पानावर कुणी घोगरं होतं, कुणाला अचानक फोन येतो, कुणी रडतं. काही जण घरी जाऊन खरंच नव्याने लिहून आणतात. वेडंवाकडं, पण त्यांचं. हा उपाय मी एकदा बैठकीत मांडला. फार वेळखाऊ आहे, असं सर्वानुमते ठरलं, आणि शपथेचा फ्लेक्स पुन्हा छापायला गेला.

त्या दिवशी सही घेऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा व्हरांड्यात कडक ऊन होतं. प्रज्ञाने प्रत माझ्या हातात दिली, ग्रंथालयात ठेवायची म्हणून.

"मॅडम, ते दोन टक्के माझे नाहीत."

"माहीत आहे मला."

"तुम्हाला माहीत आहे. पण कोणी विचारलं तर पान दाखवा."

ती बंगळूरला गेली, तिथेच रमली. प्रत ग्रंथालयात आहे, सहीशिक्क्यासकट, पुढच्या मुलांना हाताशी येईल अशा फळीवर मीच ठेवली आहे. अजून कुणी विचारलेलं नाही.